साता विचारायला

प्रिय मुस्कान,

पोस्टाने आलेलं पाकीट बघून तुला आधी लग्नाची पत्रिका वाटेल. मागे पाठवणाऱ्याचं नाव वाचून कदाचित तू ते तसंच बाजूला ठेवशील. पण ठेवलंस तरी फाडू नकोस, एवढंच. पारण्याच्या दिवसापासून तू माझा फोन उचलत नाहीस आणि ते बरोबरच आहे. व्हॉट्सॲपवर लिहायला बसले होते, पण माझ्या नंबरवर सगळ्यात वर धंद्याचं नाव येतं आणि शेजारी मॉप आणि बादलीचं चित्र. या मजकुरावर बादली नको वाटली. म्हणून देवपूरच्या पोस्टातून पाकीट आणलं आणि स्वयंपाकघरातल्या ओट्यावरच लिहायला घेतलं. हाताने इतकं लिहायची सवय गेलीय, अक्षराला हसू नकोस. किंवा हस, तेवढं तरी होईल.

मला लाज वाटतेय, मुस्कान. हे आधीच लिहून टाकते, नाहीतर मी नेहमीसारखी तुझ्या अर्हमची परीक्षा कशी झाली, सासूबाईंना अशक्तपणा अजून आहे का, असं विचारत विचारत हळूच मुद्द्यावर येईन. तीच माझी खोड झालीय. पायऱ्यांवर उभी राहून तू मला जे विचारलंस त्याचं उत्तर न देता मी रिक्षात बसले. ते उत्तर द्यायचंय, पण ते एकदम लिहिलं तर तुला खोटं वाटेल. थोडं मागून येऊ दे मला.

लोकांना वाटतं सफाईचा धंदा म्हणजे झाडू-पोछा. झाडू-पोछा बायका करतात. माझं काम म्हणजे कोटेशन देणं आणि मग दिलेल्या कोटेशनच्या मागे फिरणं. धुळ्यातले दवाखाने, नरडाण्याच्या एमआयडीसीतले कारखाने, जळगावातली शोरूम्स. गेटवर वहीत नाव लिहायचं, कुणाला भेटायचं ते लिहायचं, आणि आतल्या सोफ्यावर बसून साहेबांची मीटिंग संपायची वाट बघायची. साहेब म्हणतात, दिवाळीनंतर बघू. दिवाळीनंतर गेलं की म्हणतात, मार्च होऊ द्या. एका ठिकाणी वॉचमनने मला सफाईवाल्या बायका मागच्या गेटने जातात म्हणून सांगितलं, तर मी मागच्या गेटने गेले आणि येताना तिथला संडास बघून त्याचंही कोटेशन दिलं. या सगळ्याची मला कधीच लाज वाटली नाही. उलट रिक्षातून उतरलं की मी पर्समधल्या फडक्याने आधी चपला पुसते, मगच आत जाते. सफाईवालीच्या पायाला धूळ दिसली तर तिला काम कोण देईल?

मग नाशिकला एका हॉटेलात एक दिवसाचं शिबिर झालं. तिथल्या माणसाने सांगितलं, रिकाम्या हाताने फॉलोअप करू नका. समोरच्याच्या घरचं काहीतरी लक्षात ठेवा, फोन त्यासाठी करा, काम आपोआप निघतं. मला ते इतकं पटलं की त्याच दिवशी बसमध्ये बसून मी मोबाईलमध्ये आठवणी लावायला सुरुवात केली. नरडाण्याच्या पाइप कारखान्यातल्या नवल साहेबांच्या आईचा गुडघा. एका डॉक्टरीणबाईंच्या मुलीची बारावी. दर महिन्याला मोबाईल वाजायचा आणि मी गुडघ्याची चौकशी करायची. नवल साहेबांनी सहा महिन्यांनी पूर्ण कारखान्याचं काम दिलं, आणि वर म्हणाले, मॅडम, माझ्या बहिणीनेसुद्धा आईची इतकी विचारपूस केली नाही. मी खूश होऊन घरी आले. आईने विचारलं, जेवलीस का, आणि मी तिला म्हटलं, तुझं पोट कसं आहे आता? तर ती भाकरी थापता थापता म्हणाली, “बठ्ठासले फोन झायात, आते मना नंबर लागना का? तू मना बी फॉलोअप लेस का वं माय?” मी हसले. सगळ्यांचे फोन झाल्यावर आईचा नंबर लागला म्हणे, साक्रीकडची माणसं अशीच बोलतात म्हणून सोडून दिलं. तेव्हाच कान उपटून घ्यायला हवे होते.

तुला जळगावचं होस्टेल आठवतं का? माझ्या ट्रंकेत कांद्याची चटणी असायची आणि तुला वासानेही मळमळायचं. तू एकदा रेक्टरबाईंना जाऊन सांगितलंस आणि माझी चटणी जप्त झाली. मी तुझ्याशी बोलणं सोडलं. मग पर्युषण आलं, आणि संवत्सरीला तू सकाळी माझ्या कॉटशेजारी हात जोडून उभी राहिलीस. मला वाटलं नाटक करतेयस. तू म्हणालीस, आमच्यात आज माफी मागतात, वर्षभरात जाणून-नजाणून मन दुखावलं असेल त्याची, मिच्छामि दुक्कडम् म्हणून. आणि हेही म्हणालीस, की हे ढिगाने म्हणायचं नसतं, एकेका माणसासमोर उभं राहून, तोंडाकडे बघून म्हणायचं असतं. मी तुझ्या तोंडाकडे बघितलं तर तू रडत होतीस, चटणीसाठी. तेव्हापासून आपली मैत्री.

आणि आता मी काय करते ते तुला माहीतच आहे. जळगाव-धुळ्यातल्या जितक्या जैन दुकानदारांचे नंबर माझ्याकडे आहेत त्या सगळ्यांना संवत्सरीला एकदमच मेसेज जातो. हात जोडलेलं चित्र, मिच्छामि दुक्कडम्, खाली आमचा लोगो आणि कार्यालयीन सफाईसाठी संपर्क करा. तो तुलाही येतो. मागच्या वर्षी तू त्यावर हसण्याचं चित्र पाठवलंस. यंदा काहीच पाठवलं नाहीस, आणि माझ्या ते लक्षातही आलं नाही.

तर यंदा तुझ्या सासूबाईंनी, लाडकुंवरबाईंनी अठाई केली. आठ दिवस नुसत्या पाण्यावर, तेही या वयात. तूच मला फोनवर सांगितलंस, काळजीने सांगितलंस, आणि मी तुझ्याशी बोलता बोलता पारण्याच्या तारखेची आठवण लावली. साता विचारायला, तप करणाऱ्याची खुशाली घ्यायला जायचं, आणि तुझे सासरे, बाबूजी, घरी असतील, खुशीत असतील, चार पाहुण्यांसमोर नाही म्हणणार नाहीत. तुमच्या तीन मजली दुकानाचं कोटेशन त्यांच्या टेबलावर किती दिवस पडून होतं. त्या दिवशी सकाळी तुमच्या गेटशी मी चपला पुसल्या आणि पुनमला फोन लावला. पुनम म्हणजे माझी सुपरवायझर, तू तिला भेटलीयस. तिला सांगितलं, आज साता विचारते आणि काम पक्कं करूनच येते, तू बायका बघून ठेव. हे बोलताना मी हसत होते. मला काय माहीत, मी येणार म्हणून तू वर गॅलरीत येऊन उभी राहिली होतीस.

आत बाई गादीवर बसल्या होत्या, चेहरा सुकलेला, पण डोळे काय शांत. मला बघून त्यांनी हात पुढे केला. म्हणाल्या, “इतनी गरमी में धुलिया से आई, बेटा?” मी त्यांच्या पायाशी बसले, पाय दाबले. तू वाटीतून मुगाचं पाणी आणलंस, घरातल्या एकेकाने चमच्याने पाजलं, आणि तू माझ्याकडे एकदाही बघितलं नाहीस. मला वाटलं गडबडीत आहेस. मी बाबूजींकडे बघून म्हणाले, बाबूजी, आपलं ते राहिलंच की. सहज, हसून, अगदी शिबिरात शिकवल्यासारखं. बाबूजी पाहुण्यांसमोर ओशाळले. आणि बाईंनी त्यांचा चेहरा बघितला, माझा बघितला. तुमच्या घरची रीत आहे ना, पारण्याला तपस्वी जे मागेल ते घरचे देतात. सगळे विचारतच होते, काय हवं, काय हवं. कुणाला वाटलं त्या तीर्थाला जायचं म्हणतील. त्या म्हणाल्या, “इस लड़की को काम दे दो.” आठ दिवसांच्या उपासाचं त्यांचं मागणं मी खाऊन टाकलं, मुस्कान. आणि मी काय केलं तर वाकून नमस्कार केला आणि मनात हिशेब मांडला, की पहिल्या मजल्यावर किती बायका लागतील.

निघताना तू पायऱ्यांपर्यंत आलीस. हातात प्रभावनेची, आलेल्या प्रत्येकाला भेट द्यायची स्टीलची वाटी होती, ती मला दिलीस. मग हात जोडलेस, होस्टेलमध्ये जोडले होतेस तसेच, आणि माझ्या तोंडाकडे बघून म्हणालीस, मिच्छामि दुक्कडम्, तुझ्या कामाच्या वेळात मी फोनवर घरची रडगाणी गात बसले, त्याची माफी कर, सकाळी मी वर गॅलरीत होते. आणि मला आणखी मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं राहिलं होतं, कारण मग तू हळू आवाजात विचारलंस, पप्पा गेले तेव्हा आली होतीस, तेव्हाही कामासाठीच आली होतीस का? रिक्षावाल्याने हॉर्न वाजवला आणि मी गेले.

दुसऱ्या दिवशी बाबूजींच्या दुकानातून कामाचं पत्र आलं. पुनम नाचायचीच बाकी होती. मी दोन दिवस त्या पत्राला हात लावला नाही. नको म्हणावं तर बाईंचं मागणं लाथाडल्यासारखं, आणि पुनमने बायकांना शब्द दिलेला. हो म्हणावं तर रोज सकाळी तुमच्या दुकानाच्या फरशीत मला माझंच तोंड दिसणार. शेवटी मी तुझ्या घरच्या फोनवर बाईंना फोन केला, तू नसशील अशा वेळी. सगळं सांगितलं. म्हटलं, बाई, मी साता विचारायला नव्हते आले, कामासाठी आले होते. त्या म्हणाल्या, “तो दोनों काम हो गए ना, बेटा. पैर तो तूने अच्छे दबाए.” त्यांनी मला दोन वाक्यांत सोडून दिलं. व्यापाऱ्याच्या घरात आयुष्य गेलेलं, दारात येणारा माणूस काहीतरी घेऊनच जातो हे त्यांना ठाऊक असणार. पण त्यामुळे माझी लाज कमी झाली नाही, वाढली. काम आम्ही घेतलंय. दुकानात पुनम येईल, मी येणार नाही. तुझ्या घरी यायचं झालं तर तू बोलावलंस तरच.

मोबाईलमधल्या सगळ्या आठवणी मी काढून टाकल्या. त्यात तुझंही नाव होतं, मुस्कान. दर दुसऱ्या शनिवारी, मुस्कान, फोन. तो शनिवारचा फोन तुला फार आवडतो असं तू सासरी सगळ्यांना सांगायचीस. तो फोन करताना मला तुझा आवाज ऐकावासा वाटायचा की कोटेशन आठवायचं, हे आज मला खरंच वेगळं करून सांगता येत नाही, आणि न येणारं येतं म्हणून लिहिणार नाही. बाबूजींना पहिला फोन केला तेव्हा आपण रतिलालजींच्या उठावण्याला, त्या शोकसभेला भेटलो होतो, अशीच मी ओळख दिली होती. म्हणजे तुझ्या पप्पांच्या जाण्यावरही मी नंतर पाय ठेवून वर चढले. तू विचारलंस ते चुकीचं नव्हतं.

पण तुझ्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे आहे, आणि हे पत्र त्या एवढ्यासाठीच आहे. पप्पा गेल्याचा तुझा फोन आला तेव्हा मी घरी कपडे वाळत घालत होते. बादली तिथेच सोडली आणि बस स्टँडवर पळाले. अमळनेरला तुझ्या माहेरी उठावण्यापर्यंत तुझ्याजवळ बसून राहिले. सगळे गेल्यावर दारातल्या चपला कमी झाल्या आणि तुझी नजर माझ्या चपलांवर गेली, आठवतं? एक माझी तपकिरी, एक आईची निळी स्लिपर, टाचेला भोक पडलेली. मी तशीच धुळ्याहून आले होते आणि मला तोवर कळलंही नव्हतं. तू तोंडावर पदर घेऊन हसलीस, इतक्या दिवसांत पहिल्यांदा, आणि तुझी आत्या आपल्यावर डोळे वटारून बघत राहिली. मुस्कान, कामाला जाताना मी चपला पुसून जाते. त्या दिवशी मी त्या बघितल्याही नव्हत्या.

तुझीच, खाली नंबर न लिहिणारी,
दिपमाला