बब्रुवानचा उजवा हात

२० डिसेंबर १९४४, कळंब

हात हलला नाही. आजही नाही!

मुनवरच्या हॉटेलात बसून बसून कंबर धरली. समोरच बब्रुवानचं दार. उजवा हात फडक्यात बांधलेला, जेवण डाव्या हातानं. कापसाच्या जिनमध्ये पट्ट्यात सापडून हात निकामी झाला, असा त्याचा जिनच्या मालकावर, शेठवर दावा. शेठचे वकील म्हणतात, सोंग आहे. म्हणून मला परंड्याहून बोलावलं — "हात हलताना डोळ्यांनी बघा, मग अदालतीत शपथेवर सांगा."

२१ डिसेंबर

मुनवरनं विचारलंच — "पावणं, कुणाकडं आलाव? लई दिस झालं." आता इथं बसण्यात अर्थ नाही.

२२ डिसेंबर

युक्ती सुचली! मोहरम चालू आहे. नवसानं मोहरमपुरती फकिरी घेणारे आपल्या हिंदूंतही पुष्कळ. झोळी घेऊन दारोदार फिरलं तरी कुणी हटकत नाही. पिराचे मुजावर बाबामियाँ, त्यांनी पिरासमोर माझ्या गळ्यात फकिरीचा नाडा, रंगीत दोरा, बांधला. "शरणबसप्पा, मन्नत काय?" डोक्यात दिवसभर एकच विषय — तोंडातून निघून गेलं, "एकाचा हात बरा व्हावा."

गाढव मी! दुसरं काही सुचू नये?

२४ डिसेंबर

नवसाची बातमी माझ्या आधीच त्या घरी पोचलेली. बब्रुवानची बायको हरणाबाई झोळीत चोंगे, मोहरमच्या गोड पोळ्या, घालत म्हणाली, "फकीरबाबा, हातासाठी नवस बोललाव म्हणं. आमच्या मालकाचं बी मागा की." मागे तो बसलेला. मान खाली, हात तसाच.

चोंगे तसेच झोळीत ठेवले. चीड आली — त्याची की स्वतःची, कळत नाही.

२७ डिसेंबर

आज पिराची सवारी, मिरवणूक, निघाली. गर्दीत उंच काठीवरचा पिराचा धातूचा पंजा कलला, थेट हरणाबाईच्या डोक्यावर! बब्रुवाननं फडकं झटकलं, पंजाची काठी दोन्ही हातांनी धरली. पाचही बोटं मिटलेली पाहिली मी. सापडला!

तोच हरणाबाई ओरडली — "पीर पावला! ह्या फकीरबाबांच्या नवसानं!" आणि भर रस्त्यात माझ्या पायांवर पडली. सगळं कळंब बघत होतं. बब्रुवान स्वतःच्या हाताकडे बघत हमसून हमसून रडत होता.

ते रडणंही सोंग? असेल. नसेल. शेठची भाकरी खाल्लीय, जे दिसलं ते सांगणार.

२९ डिसेंबर

वकीलसाहेब खूष. "बस्स, शपथेवर एवढंच सांगा."

४ जानेवारी १९४५

समन्स आलं — बब्रुवानच्या बाजूनं! नवसापर्यंत हात मेलेलाच होता, हे फकिरानं शपथेवर सांगावं म्हणून.

आणि दिवसदिवस टक लावून बसलो होतो, हात हलला नाही, हे माझ्याइतकं पाहिलंय कुणी?