निळं पिंप

४ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझा पाय प्लास्टरमध्ये असताना तुला त्रास देते आहे. पण ह्यांना हे काम तूच शिकवलंस, दुसऱ्या कोणाला विचारू?

हे जाऊन महिना झाला. मागच्या खोलीतल्या तारामाशांच्या अळ्या मी सांभाळते आहे. ह्यांच्या हातच्या ह्या शेवटच्या. रोज शेवाळाचं हिरवं पाणी घालते, चाळणी लावून पाणी बदलते. आज त्रेचाळिसावा दिवस. एव्हाना त्यांनी टाकीच्या तळाशी ठेवलेल्या काचांना चिकटून तारे व्हायला हवं होतं. त्या खाली येतात, काचेला शिवतात आणि परत वर जातात. रोज थोड्या मरतात. मी भिंगातून बघून मोजते.

स्वच्छतेत कसूर नाही. भेटायला येणारे थांबल्यावर मी सगळं घासलं. काचांवरचा बुळबुळीत थरही गरम पाण्याने काढला. मग चुकतंय कुठे?

वहिनीला नमस्कार. लोभ ठेव आणि उत्तर लवकर धाड.

तुझी,
धाकटी

६ मार्च

चि. धाकटीस,
अ. उ. आशीर्वाद.

वापरायच्या आधी साबणच धुऊन घेणारी तू, तुला काय बोलणार! अगं, तो बुळबुळीत थरच त्यांना हवा असतो. कोऱ्या काचेवर त्या बसत नाहीत. थर धरायला तीन आठवडे लागतात आणि त्या तेवढं थांबायच्या नाहीत. खोटा धीर देत नाही.

पण तुझा नवरा काचांचा दुसरा संच नेहमी आधीच भिजत घालायचा. कुठे ठेवलाय ते बघ. वहिनी म्हणते, घाबर हवं तेवढं, पण जेवून घाबर.

तुझा,
दादा

१० मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

कुठे ते मला पत्र वाचतानाच कळलं. दाराआडचं निळं पिंप. हे त्याच्याशेजारी पडलेले सापडले. तेव्हापासून मी त्या कोपऱ्याकडे पाठ करूनच वावरते. त्या दिवशी ह्यांची उजवी बाही कोपरापर्यंत ओली होती. का, ते मी कोणाला विचारलं नाही.

परवा दुपारी झाकण काढायला गेले आणि दोनदा परत फिरले. तिसऱ्यांदा डोळे मिटून हात घातला. तळाशी आठ काचा उभ्या लावलेल्या होत्या, तपकिरी, बुळबुळीत. तशाच नेऊन टाकीत ठेवल्या.

आज सकाळी एका काचेवर अकरा ठिपके दिसले. एकाला पाच टोकं आहेत. बाकीच्यांचं काय होईल, ही भीती आहेच. तारे झालेल्यांना पुढे काय घालायचं ते कळव.

पिंप पुन्हा भरून त्यात दुसऱ्या काचा भिजत घातल्या आहेत. माझीही बाही ओली झाली. अजून बदललेली नाही.

लोभ आहेच, तो असू दे.

तुझी,
धाकटी