जुन्या पिस्तुलासोबत पत्नीचीही नोंद होणेबाबत

प्रति,
मा. क्रीडा अधिकारी,
एअर पिस्तूल नेमबाजी केंद्र

विषय : स्पर्धेसाठी नवीन एअर पिस्तुलाची नोंद रद्द करून जुन्याची नोंद करणेबाबत, व सोबत अर्जदाराच्या पत्नीची 'पूरक साहित्य' म्हणून नोंद होणेबाबत.

संदर्भ : (अ) जुने पिस्तूल रद्द करण्याबाबत अर्जदाराचा अर्ज. (ब) तो अर्ज रद्द करण्याबाबतचा अर्ज. (क) आपले तोंडी उत्तर, "काका, एकदाचं काय ते ठरवा."

महोदय,

सविनय सादर करण्यात येते की, सदर अर्जदार घड्याळे दुरुस्त करून पोट भरतो व दुकान बंद केल्यावर आपल्या केंद्रात नेम धरतो. स्पर्धेसाठी प्रत्येकास एकच पिस्तूल नोंदविता येते. अर्जदाराकडे दोन आहेत, व आजवर तो दोन्ही डगरींवर हात ठेवून उभा होता, हे त्यास मान्य आहे.

२. जुन्या पिस्तुलास दर नेमाला बाजूचा दांडा उघडावा लागतो, छर्रा ठेवावा लागतो आणि दांडा जोर लावून मिटवावा लागतो, तेव्हा कुठे आत हवा दाबली जाते. अर्जदाराच्या कोपराने या कामी राजीनामा दिल्यापासून दांडा त्याची पत्नी ओढते. तिचे इस्त्रीचे दुकान असल्याने तिच्या मनगटाबद्दल अर्जदाराने अधिक लिहिणे बरे नव्हे. ती दांडा ओढते, छर्रा भरते, पिस्तूल हातात देते. अर्जदार फक्त चाप दाबतो आणि कौतुक घेतो. सरावात आपण याकडे काणाडोळा केलात, त्याबद्दल आभार. स्पर्धेत मात्र नेमबाजाशेजारी दुसऱ्या माणसास उभे राहता येत नाही.

३. हे ऐकून अर्जदाराच्या मुलीने नवीन पिस्तूल आणून दिले. त्यात हवेची नळी भरलेलीच असते, ओढाताण नाही. पहिल्या दिवशी प्रशिक्षकांनी एक छर्रा स्वतः भरून दाखविला. अर्जदाराने तो मधोमध मारला व पुढेही सारे नेम शांत चित्ताने मारले. कागदावर भोक एकच! सर्व छर्रे त्याच भोकातून गेले, अशी अर्जदाराची प्रामाणिक समजूत झाली. त्याने हजर असलेल्या सर्वांना चहा पाजला आणि त्याच भरात संदर्भ (अ) लिहिला. तो भोकाचा कागद पत्नीस दाखविला असता तिने तो उजेडात धरला व विचारले, "छर्रे कोण भरत होतं?" अर्जदाराने छर्रा कधी भरलेलाच नसल्याने हा मुद्दा त्याच्या डोक्यातच आला नव्हता. संदर्भ (ब) त्या लाजेपोटी लिहिला गेला.

४. त्यानंतर अर्जदार छर्रा भरावयास शिकला. खोटे कशाला सांगावे, नवीन पिस्तूल उत्तम आहे. म्हणून पुढे त्याचीच नोंद झाली, त्यावर अर्जदाराचे गुण कधी नव्हे इतके वाढले असून संघातील एकमेव रिकामी जागा आपण त्यास देऊ केली आहे. या जागेसाठी अर्जदाराने उभा जन्म देव पाण्यात बुडवून ठेवले होते.

५. परंतु पत्नी आता केंद्रात येत नाही. "दांडाच नाही, तर माझं काय काम तिथे?" असे म्हणून ती सायंकाळी शर्टांच्या कॉलरी कडक करीत बसते. अर्जदाराचा छर्रा मधोमध लागतो आणि तो वळून पाहतो, तर मागे भिंत. पूर्वी नेम चुकला की "उजवीकडे पळताय, घाई कसली?" असे कोणी तरी म्हणत असे. महोदय, शासकीय भाषेत यास काय म्हणतात ते अर्जदारास ठाऊक नाही. साध्या भाषेत त्यास करमत नाही.

६. नियमावलीत 'पिस्तूल भरण्यास आवश्यक ते साहित्य नेमबाजाने जवळ ठेवावे' असे स्पष्ट म्हटले आहे. अर्जदाराची पत्नी या व्याख्येत चपखल बसते. ती हलविता येते (स्वतःच्या मर्जीने), टिकाऊ आहे व तिच्याविना जुने पिस्तूल निव्वळ लोखंड आहे. वजनाची मर्यादा असल्यास ती केवळ पिस्तुलाची धरावी, कारण पत्नीचे वजन या अर्जात नमूद करण्याचे धैर्य अर्जदारास नाही.

७. सबब, जुने पिस्तूल पत्नीसह नोंदवून घ्यावे. नियमात बसत नसल्यास संघातील जागा पुढच्या नेमबाजास द्यावी, अर्जदाराची तक्रार नाही. मात्र जुन्या पिस्तुलावर दोघांना एकत्र सराव करण्याची मुभा कायम असावी. याउपर अर्जदार मत बदलणार नाही, बदलल्यास त्याचे अर्ज न उघडता परत करावेत.

आपल्या निर्णयाकडे डोळे लावून बसलेला,
आपला नम्र,
(सही)
घड्याळवाले काका
दिनांक : नोंदणीचा शेवटचा दिवस

सोबत : १) एका भोकाचा कागद. २) कोपराबद्दल डॉक्टरांचा दाखला. ३) साहित्याची लेखी संमती (घ्यावयाची आहे).

(खाली वेगळ्या शाईत)

साहेब, अर्ज पोचवायला माझ्याकडेच दिला, म्हणून वाचला. संमती नाही. यांचं नवीन पिस्तूलच नोंदवा आणि यांना संघात घ्या. मी रोज येईन. मागच्या भिंतीपाशी एक खुर्ची तेवढी ठेवा. आणि यांना सांगा, बायकोला 'चल' म्हणायचं असेल तर घरी म्हणावं, त्याला अधिकाऱ्यांची मंजुरी लागत नाही.