होडीतली पुढची बैठक

पाइक तळं, उत्तर ओंटारियो
१२ सप्टेंबर १९७८

काइसा पोरी,

आजीचा मुका घे. तुझं पत्र पोचलं, फोटोही पोचला. केस कापलेस ते बरं केलंस, निदान कपाळ दिसतं. कपाळ बापाचं आहे, त्याला इलाज नाही. मी ठणठणीत आहे, कंबर सोडली तर. बटाटे काढून झाले, गारठ्याने कोबीला गोडी आली, गाय आटली. तुझ्यासाठी लोकरीचे मोजे विणलेत. टोचतात म्हणून पेटीत टाकू नकोस. मोजे टोचायचेच असतात, मऊ मोज्यात पाय आळशी होतात.

म्हातारा दरवर्षीसारखा गेलाय. डास मेले, पानं पिवळी पडली की तुझा आजोबा तंबू, कुऱ्हाड आणि होडी घेऊन एकटाच उत्तरेच्या रानात निघतो. एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यात, मधे जमीन लागली की होडी डोक्यावर. लग्नाच्या वर्षी मी विचारलं होतं, "तिथे करतोस तरी काय?"

"गप्प बसतो."

"ते तर घरीही करतोस."

"घरी तू बोलत असतेस."

तेव्हापासून विचारलं नाही.

या वेळी म्हटलं, वय झालं, राहू दे. तर म्हणे, वय तुझं झालं. पिशवी मीच भरली. काळा आंबूस पाव, खारवलेले मासे, लोणी, कॉफी. त्याने वरून दोन मग टाकले. दोन कशाला? "एक बुडाला तर," म्हणाला. मला पटलं. पटवून घेतलं म्हण.

शनिवारी परत येतो म्हणालाय. शनिवारी मी सौना तापवते, आणि त्या वाफेत बसायचं तो चुकवेल तर मेल्यावरच.

बापाला यातलं काही सांगू नकोस. सांगण्यासारखं काही नाहीच. आणि सांगितलंस तरी तो म्हणणार, म्हाताऱ्याचं म्हातारा बघून घेईल. त्या दोघांनी एकमेकांचं तोंड शेवटचं पाहिलं तेव्हा तू रांगत होतीस.

मोजे घाल.

तुझी आजी
हिल्मा


पाइक तळं
२१ सप्टेंबर

काइसा,

तुझ्या उत्तराची वाट न बघता लिहिते आहे. म्हातारा आलेला नाही.

सौना तापवला, विझला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तापवला. धूर लांबून दिसतो, एवढाच त्याचा उपयोग. पोलीस येऊन गेला. कॉफी प्यायला, अर्धा पाव संपवला आणि म्हणाला, "आजीबाई, पश्चिमेला रान पेटलंय. या धुरात विमान उडत नाही."

"मग तुमच्याकडे उडतं काय, टोपी?"

हसला. स्वभावाने चांगला आहे, पण कामाचा नाही. त्याने विचारलं, म्हाताऱ्याची तब्येत कशी होती? मी म्हटलं, घोड्यासारखी. ते खोटं नाही, पाय घोड्याचेच आहेत. पण तुला लिहिताना पेन तिथेच अडतंय, तेव्हा लिहून मोकळी होते.

डोकं ठिकाणावर नाही, पोरी. हिवाळ्यापासून नाही. दुकानातून घरी येताना रस्ता चुकला, तोही त्याने स्वतः झाडं तोडून केलेला रस्ता. मग ट्रकची किल्ली मी पिठाच्या डब्यात लपवली. होडीला किल्ली नसते.

अजून आहे. तू शहरातली, तुला माहीत नसेल. आपल्या होडीला दोन बैठका, एक पुढे, एक मागे. दोघं असले तर दोन्हींवर बसतात. एकटा असला तर होडी फिरवून घ्यायची आणि पुढच्या बैठकीवर उलट्या तोंडाने बसायचं, म्हणजे वजन मधे येतं. एकटाच मागच्या बैठकीवर बसला तर होडीचं नाक वर उचलतं आणि वारा तिला पाहिजे तशी भिरकावतो. इथल्या शेंबड्या पोरांनाही हे कळतं. तुझ्या आजोबाने तर अख्ख्या गावाला शिकवलं.

त्या सकाळी तो मागच्या बैठकीवर बसला. मी धक्क्यावरून ओरडले, "अर्मास! बसलास कुठे? फिरव ती होडी!"

वळून बघितलं त्याने. चेहरा असा खुललेला, जसा लग्नातही नव्हता. म्हणाला, "ओरडू नकोस, पोर दचकेल. पुढे रेइनो बसलाय की!"

रेइनो म्हणजे तुझा बाप. पुढच्या बैठकीवर काही नव्हतं.

मी गुडघाभर पाण्यात शिरले. पुढे कंबरेने जाऊ दिलं नाही. होडी वाऱ्यावर वेडीवाकडी चालली होती आणि हा रिकाम्या जागेला सांगत होता, वल्हं असं धर, मनगट सैल सोड. पाण्यावरून आवाज फार लांबून येतो. दिसेनासा झाला तरी ऐकू येत होता.

पोलीस दुसऱ्या दिवशी पुन्हा आला, तेव्हा त्याला हे सांगितलं. त्याने टोपी काढून हातात घेतली. टोपी काढायला कुणी सांगितलं होतं त्याला?

आजी


पाइक तळं
२८ सप्टेंबर

काइसा पोरी,

सापडला. जिवंत आहे. आधी एवढं वाच, मग खुर्चीत बस, मग पुढचं वाच.

बर्निसला सापडला. पलीकडच्या काठावरची, इथल्या मूळच्या ओजिब्वे लोकांतली बाई, माझ्याहून तोंडाळ, म्हणून तर माझी मैत्रीण. ती आणि तिचा जावई वरच्या उथळ तळ्यात जंगली तांदूळ झोडायला गेले होते. बेटावर धूर दिसला. जाऊन बघते तर तंबू ताठ, लाकडं रचलेली, माझ्या घरापेक्षा स्वच्छ. दोन मग कॉफी ओतलेली. एकातली गार झालेली.

"चल घरी," बर्निस म्हणाली. "नाहीतर हिल्मा माझं डोकं खाईल."

"पोर लाकडं आणायला गेलंय. आलं की निघतो."

ती बसून राहिली. त्याने तिला खारे मासे वाढले, पोरासाठी वेगळे काढून ठेवले. ऊन उतरलं. "इतका वेळ लागत नाही त्याला," एवढंच म्हणत होता. ओढून न्यावं तर हाताशी कुऱ्हाड. सोडून यावं तर थंडी. शेवटी बर्निस म्हणाली, "पोर कधीच आलं, अर्मास. आमच्या होडीत झोपलंय, घोंगडीखाली. उठवू नकोस."

तेव्हा मुकाट्याने आला. वाटेत तिचा जावई खोकला तर त्याला दटावलं, हळू, पोर झोपलंय.

धक्क्याला लागल्यावर त्याने घोंगडी उचलली. खाली तांदळाची पोती.

"मी काय करायला पाहिजे होतं गं?" बर्निस मला विचारत होती. ही बाई कधी कुणाला काही विचारत नाही. मी म्हटलं, "मीही तेच केलं असतं." खरं आहे ते. दुसरं सांगायला काय होतं?

आता त्याच्या डोक्यात एकच. आम्ही दोघींनी पोर रानात सोडलं. बर्निस दारात आली की तोंड फिरवतो. दिवसभर धक्क्यावर उभा राहून हाका मारतो, घसा बसला तरी. होडी आम्ही बर्निसकडे हलवली, तर काल कोठीचं दार बिजागरीतून उखडून होडी म्हणून पाण्यात ढकलत होता.

मी सांगून पाहिलं, "अरे, रेइनो शहरात आहे. त्याला टक्कल पडतंय." तर माझ्याकडे असं बघितलं, जशी काही मी सुरी लपवून उभी आहे. "बर्फ पडायला आलं, आणि तुला थट्टा सुचते?"

डॉक्टर म्हणतो, वाद घालू नका, हो म्हणा. हो म्हणूनही पाहिलं. हो म्हटलं की म्हणतो, मग ऊठ, शोधायला चल.

पोरी, इथून पुढचं तुझ्यासाठी नाही. हा कागद बापाच्या हातात दे.

रेइनो,

तू आलास तर तो तुला ओळखेल असं मी म्हणत नाही. तो बारा वर्षांचा पोरगा शोधतोय. तुझ्यासारखा पंचेचाळिशी उलटलेला गडी दारात दिसला तर तुलाच विचारेल, वाटेत माझं पोर दिसलं का? तुमचं भांडण त्याच्या लेखी अजून झालेलंच नाही. तेव्हा माफी मागायला येणार असशील तर मागशील कुणाकडे, आणि द्यायला येणार असशील तर देशील कुणाला?

तरी ये. इतक्या वर्षांत मी तुला ये म्हटलं नाही, जा असंही म्हटलं नाही, दोघांच्या मधे उभी राहून भाकरी वाढली. आता म्हणते आहे. काल धक्क्यावर मी त्याला धरून ठेवलं, तर हिसका देऊन बाही सोडवून घेतली. माझ्या बोटांत जोर उरला नाही. तळं अजून गोठलं नाही, म्हणून तो काठावर थांबतो. पहिलं पातळ बर्फ धरलं की चालत निघेल.

हे लिहिताना त्याची बाही माझ्या डाव्या मुठीत आहे. अक्षर हलतंय ते त्याच्या ओढीने.

तुझी आई