तिखाडीच्या तेलाखाली देवमनची सही

नागपूर, डिसेंबर १९७६

प्रिय माय, तुले आणि गंगूले जयभीम.

मी मजेत आहे. कालची सभा भरगच्च झाली. मुक्काम धाकट्या देवमनच्या खोलीवर आहे.

तू रक्तदाबाच्या गोळ्या सोडून अंगाला तिखाडी गवताचं तेल चोळतेस, असं गंगूनं कळवलं. गोळ्यांसाठी मी वर्षभर घसा फोडला. तू म्हणायचीस, "तू बोलला का माह्या कपायाची नस उडते!" देवमननं पत्रात 'तिखाडीच्या तेलानं रक्तवाहिनी सैल होते' अशी एक ओळ लिहिली आणि तुला लगेच पटली. हजार माणसं माझं ऐकतात, माय. तू त्याचंच ऐकतेस.

आज त्याची प्रयोगशाळा पाहिली. काचेच्या भांड्यात बकऱ्याच्या रक्तवाहिनीचा आवळलेला तुकडा होता. तिखाडीच्या तेलातला अर्क थेंबभर पडला आणि तो हळूहळू सैल झाला. माझ्या भाषणानं असं कोण सैल झालं? मी जळलो.

तुझ्या गोळ्यांचं सांगताच देवमन घाबरला. "दादा, हे काचेतलं हाये. चोळून दाब उतरत नाही. तिनं गोळ्या काहून सोडल्या?"

थंडी पडली का तिकडे? गंगूचा खोकला कसा आहे?

खाली त्याची सही घेतली आहे. माझ्या शब्दावर नाही, तर त्या सहीवर तरी आजच गोळी घे.

तुझा थोरला,
गोविंदा

देवमन