बसणाऱ्यांसाठी उजेड

प्रिय आई,
तुला आणि तुझ्या कुरकुरणाऱ्या गुडघ्यांना नमस्कार.

माझी उजेडाची खोली अखेर लोकांसाठी उघडली. आत पाऊल टाकलं की यंत्र माणूस ओळखतं आणि भिंतीवर उजेडाची फुलं उमलतात. पहिल्याच दिवशी एक आजी दमून बाकावर बसल्या आणि गुडुप अंधार! हलेल तोच माणूस, असं मीच यंत्राला शिकवलं होतं. आजी म्हणाल्या, "बसलेलं माणूस मोजत नाही वाटतं तुम्ही?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आता कुणी बसलं, की सगळ्यात जास्त फुलं तिथेच उमलतात.

मी वेळेवर जेवते. दादा म्हणतो, तू दिवसभर खिडकीशीच बसून असतेस. फोनवर मी मात्र रोज एकच विचारायचे, आज किती चाललीस? आता नाही विचारणार. खिडकीतून काय काय दिसतं, ते सविस्तर लिही.

तुझी,
धाकटी