त्याला दिलेले आशीर्वाद

चिमणे, बॅग खाली ठेव, लगेच फोन करू नकोस, आधी हा व्हॉइस मेसेज नुसता ऐक.

तो खोट्या नावाने मला मेसेज करणारा माणूस आठवतोय ना? तू म्हणालीस ब्लॉक कर, आणि मी शहाणी त्याच्या प्रत्येक घाणेरड्या मेसेजला "देव तुमचं भलं करो" असं उत्तर देत बसले! मला वाटलं, वाईट वागणाऱ्यासाठीच तर प्रार्थना करायची असते. त्याला वाटलं, पोरगी बोलायला लागली. काल त्याने आपल्या दाराचा फोटो पाठवला, बाहेर काढलेल्या तुझ्या निळ्या चपलांसकट. भक्ती माझी, आणि झळ तुला?

प्रार्थनेच्या गटातल्या काकूंना सांगितलं, तर म्हणतात, "माफ कर आणि विषय सोड." मी म्हटलं, "काकू, माफ केलंय हो, पण म्हणून दार उघडं टाकू का?"

म्हणून सगळे मेसेज छापून पोलीस चौकीत चाललेय. माझे आशीर्वादही तसेच ठेवलेत, एकही पुसला नाही. हसले तर हसू देत. प्रार्थना त्याच्यासाठी अजून करते, फक्त आता त्याला कळवत नाही.

मी येईपर्यंत आतून कडी लाव, कुणीही आलं तरी उघडू नकोस. तुला कालच सांगायला हवं होतं, चुकलंच माझं. पण खरं सांग, तू माझ्या जागी असतीस तर काय केलं असतंस?